वांग्यांच्या जागी ऊस

प्रसेनजीतने संध्याकाळी गेम सुरू केला तेव्हा त्याच्या शेतात वांगी लागलेली होती.

शेत कन्सोलच्या पडद्यावरचं, तळहाताएवढं. पण आदल्या संध्याकाळी त्यात बांधापासून बांधापर्यंत ऊस लावल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. कसबा बावड्यात वाढलेल्या माणसाला शेत मिळालं, मग ते खेळातलं का असेना, की तो ऊसच लावतो. आता उसाच्या मधोमध वांग्यांचे दोन वाफे होते, निंदलेले, पाणी दिलेले. खेळातल्या झोपडीत दिवा जळत होता. तोही त्याने लावलेला नव्हता.

त्याने वांगी उपटली, ऊस लावला, दिवा मालवला आणि कन्सोल टीव्हीखालच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी वांगी परत होती.

हे मोबाईलवर झालं असतं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. मोबाईलमध्ये कुठूनही कोणीही शिरतं. म्हणूनच तर त्याने फक्त खेळण्यासाठी हा वेगळा डबा घेतला होता. सिम नाही, नेट जोडलेलं नाही, जाहिराती नाहीत, विद्यार्थ्यांच्या पालकांचे मेसेज नाहीत. त्याच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा अतुल त्याला टोचायचा, की खिशात मोबाईल असताना हे दुसरं ओझं कशाला. त्यावर प्रसेनजीतचं उत्तर ठरलेलं असे: हा बंद डबा आहे, यात माझ्याशिवाय कोणी येत नाही. हल्ली हे उत्तर आठवलं की त्याला मानेवर गार वाटे.

बायकोला, दीक्षाला, त्याने आडून विचारून पाहिलं. ती दवाखान्यात परिचारिका. घरी त्याच्या नंतर पोचायची आणि मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडत झोपायची.

"अहो, मला खरी वांगी चिरायला वेळ नाही," ती म्हणाली, "खोटी कुठं लावत बसू?"

राहिली आई, आक्काताई. तिला आलेला फोनसुद्धा उचलता यायचा नाही, त्यामुळे तिचा विचार त्याच्या मनात आला नाही. शिवाय आई संध्याकाळी विहारात वंदनेला गेली की मगच तो खेळायला बसे. केस पांढरे व्हायला लागलेल्या प्राध्यापकाने खेळताना आईला दिसू नये, असं त्याला वाटे.

भुताचा विचार करायला या घरात बंदी होती. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही बाहेर काढली होती. त्यात प्रसेनजीत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि शाळाशाळांतून अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं द्यायचा. तेव्हा त्याने प्रयोग केला. एक दिवस कन्सोल बरोबर कॉलेजात नेला. ऊस जागेवर राहिला. दुसऱ्या दिवशी घरी ठेवला. वांगी आली, आणि या वेळी बांधाला शेवगाही. निष्कर्ष सरळ होता. जे काही होतं ते घरचं होतं, आणि त्याला कॉलेजात यायचं नव्हतं.

हे त्याने अतुलला सांगितलं. अतुल हसला असता तर बरं झालं असतं. त्याने आवाज उतरवून विचारलं, "तुझे वडील कधी गेले रे?"

"गेल्या वर्षी. पण ते नाहीत. त्यांनी ऊस काढून वांगी लावली नसती."

बोलून झाल्यावर आपण काय युक्तिवाद केला ते प्रसेनजीतच्या लक्षात आलं, आणि तो खडू शोधायला लागला.

शनिवारी गगनबावड्याच्या एका शाळेत व्याख्यान होतं. भर सकाळी धुकं खिडक्यांतून वर्गात येऊन बसलं होतं. मागच्या बाकांवरची मुलं दिसत नव्हती, नुसते त्यांचे आवाज येत होते. त्यातल्या एका आवाजाने विचारलं, "सर, तुम्हास्नी कधीच भ्या वाटलं न्हाय?" नाही, असं प्रसेनजीतने सांगितलं आणि मिळेल त्या एसटीने घर गाठलं.

दार लोटलेलं होतं. वीज गेलेली. आतल्या खोलीत खिडक्या बंद, आणि अंधारात आईचा चेहरा खालून निळा उजळलेला. ती कुणाशी तरी बोलत होती.

"अवो, परत ऊस? दोन वाफं तरी ऱ्हाऊ द्या म्हणलो न्हवं? जल्मभर तेवढंच मागितलं की." मग ती थांबली. कोणी उत्तर देत असावं, तशी मान हलवली. "व्हय, व्हय. तुमचंच खरं."

प्रसेनजीतने उंबऱ्यातूनच विचारलं, "आये, कुणासंगं बोलतीस?"

आक्काताई दचकली नाही. बस म्हणाली. हा डबा कॉलेजचा असेल आणि तो खणात टाकून विसरला असेल, असं तिला वाटलं होतं. दुपारी करमत नाही. मोबाईलवर बायका खेळतात, पण मोबाईलची काच तिचं बोट घेत नाही. कितीही दाबा, पडदा ढिम्म.

"काचंला मी दिसतच न्हाय," ती म्हणाली. "ह्येची बटणं दाबली की दबत्यात."

कारण त्याला माहीत होतं. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांचा स्पर्श काचेला नीट कळत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेली त्याची आई मोबाईलच्या हिशोबी घरात नव्हतीच. इतके दिवस तो जिला भीत होता ती ही. त्याला हसू यायला लागलं.

तेवढ्यात तिने आवाज खाली आणला.

"मी दुपारी वांगी लावतो, आन् सांजंला तुझं बा ती उपटत्यात."

"आये, ते..."

"गप. आपल्यात आसलं काय न्हाय, मला ठावं हाय. मी कुणाला बोललो न्हाय. पर मी लावल्याला दिवा बी मालवत्यात रं, फुकट जळतोय म्हणून. त्येंच्यावाचून तसं कोण करतंय?"

भूत नसतं, हे वाक्य त्याच्याजवळ तयार होतं. कितीतरी शाळांत त्याने ते म्हटलं होतं. तो मोरीत जाऊन हातपाय धुऊन आला.

त्या संध्याकाळी त्याने कन्सोलला हात लावला नाही. तेच बरं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काताईने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

"काल आलं न्हाईत," ती भिंतीकडं बघून म्हणाली. "मी वांग्यावरनं जरा ज्यास्तच बोललो."

संध्याकाळी ती विहारात गेल्यावर प्रसेनजीतने खण उघडला. वांग्यांना फळ धरलं होतं. त्याने एकेक झाड उपटलं, शेवगा तोडला, आणि पाय ठेवायलाही जागा उरणार नाही असा बांधापर्यंत ऊस लावला. शेवटी झोपडीतला दिवा मालवला.

पुढच्या दुपारी दीक्षाला आणि त्यालाही सुट्टी होती. प्रसेनजीत पुढच्या व्याख्यानाची तयारी करत बसला होता. आतून आक्काताईचा चढलेला आवाज आला. ती मनसोक्त भांडत होती; किती तरी दिवसांत तिचा आवाज इतका लागला नव्हता.

"अहो," दीक्षा म्हणाली, "आई कुणाला बोलतायत?"

"बाबांना," प्रसेनजीत म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.