गव्हाची हद्दपारी

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होतेच. काय होते, याबद्दल घरात मतभेद आहेत.

ऋचाताईच्या वाढदिवसाला गव्हाचा कणही नसलेला केक मी स्वतः करणार, असं मी जाहीर केलं, तेव्हा आईनं फक्त अग्निशमन दलाचा नंबर फ्रीजवर चिकटवला. आमच्या सहकारनगरात प्रोत्साहन असंच देतात.

ऋचाताई माझी मोठी बहीण. तिला सिलिॲक आहे. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं शरीर तिच्याच आतड्यांवर उलटतं. पोळीचं सोडाच, पोळीच्या हातानं वाढलेला भातसुद्धा तिला अंथरुणात घालतो. निदान झालं त्याला वर्ष होऊन गेलं. "एवढ्याशानं काय होतंय," असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि काय होतंय ते बघायला नंतर कोणी यायचा नाही. मग ती लग्नाकार्याला जायची थांबली, मैत्रिणींकडे जायची थांबली. वाळून हँगरसारखी झाली. आताशा स्वतःचा डबा स्वतः करते आणि खोलीचं दार लावून एकटी जेवते. येरवड्यातले कैदीसुद्धा पंगतीला बसतात.

मला एवढंच हवं होतं, की एक दिवस तिनं चार माणसांत बसून, दुसऱ्याच्या हातचं काहीतरी, न घाबरता खावं.

मी व्हिडिओ बघितले. आमच्या घरात आई, ताई आणि मी अशी तीनच माणसं असली, तरी गहू मात्र सगळीकडे राहतो हे त्यात कळलं. तो डब्यात असतो, रव्यात असतो, जुन्या भांड्यांच्या चरांत असतो, पडद्यांत असतो. हद्दपारीच करायची, तर अर्धवट करून उपयोग नव्हता.

वाढदिवस रविवारी होता. सकाळी उठल्या उठल्या मी गहू, कणीक, मैदा, रवा आणि शेवया पोत्यात भरून खाली नेल्या आणि वॉचमन सुखदेवला दिल्या. कशाबद्दल म्हणून त्यानं विचारलं. ताईमुळे देतोय, असं मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मग घर धुतलं. गाद्या गॅलरीत टाकल्या, पडदे उतरवले, दार सताड उघडं ठेवलं. पीठ केसांत अडकून राहतं असं वाचलं होतं, म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनात जाऊन डोकं, दाढी, मिशी सगळं काढून आलो. माझे सगळे कपडे माझ्याबरोबर रोज बेकरीत चहाला बसलेले. म्हणून आजोबांचं एक कोरं धोतर कपाटात होतं ते नेसलो आणि उपरणं घेतलं. चपला तर रोज खारीच्या चुऱ्यावरून चालत येतात, त्या बाहेर काढल्या. फोन कॅन्टीनमध्ये सँडविचशेजारी ठेवला जातो, म्हणून तो बंद करून पिशवीत बांधला.

राहिलं केकचं भांडं. घरातल्या एकाही भांड्यावर माझा विश्वास उरला नव्हता. एका व्हिडिओतल्या बाईंनी मडक्यात केक केला होता. मडकं म्हणजे ज्याला आयुष्यात गहू ठाऊक नाही असं भांडं. मी कुंभारवाड्यातून एक कोरं मडकं आणलं. हातात धरलं तर घसरत होतं, म्हणून खांद्यावर घेतलं.

आता तुम्हाला चित्र दिसतंय. मला तेव्हा दिसत नव्हतं. मी अनवाणी, चकोट, पांढऱ्या धोतरात, खांद्यावर मडकं घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत आलो. सुखदेव उभा राहिला. एरवी तो चेअरमनची गाडी आली तरी उभा राहत नाही. पहिल्या मजल्यावरच्या इनामदार काकू खिडकीत होत्या, त्यांनी हात जोडले. मी मान लववली. म्हटलं, केकची बातमी पोचलेली दिसते.

केकबद्दल थोडक्यात सांगतो. ग्लूटेन नसलं की पीठ एकमेकांना धरून राहत नाही, म्हणून इसबगोल घालतात. औषधाच्या दुकानात मी बारा माणसांना पुरेल एवढा मागितला होता. दुकानदारानं त्या बारा माणसांची नावं विचारली नाहीत, पण त्याला ती हवी होती. मडक्यातलं मिश्रण फुगलं, थांबलं, आणि मग एखाद्या निवृत्त माणसासारखं हळूहळू खाली बसलं. थंड झाल्यावर मी सुरी घातली. सुरीचं टोक आत राहिलं.

मी त्याच्याकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात उघड्या दारातून सोसायटी आत आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. चेअरमन अनंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीशी जमिनीवर बसले. बाकीचेही बसले.

आईला वाटलं, वाढदिवसाला आले. वर्षभर कोणी फिरकलं नव्हतं, तिचे डोळे भरून आले. ते बघून दोन बायका रडायला लागल्या.

"बसा हं. आतच आहे ती," आई म्हणाली. "साडी नेसवत होते. हिरवीच काढली."

"हिरवीच बरोबर," इनामदार काकू म्हणाल्या.

"किती वाजता?" अनंतरावांनी हलक्या आवाजात विचारलं.

"सकाळी सहा दहा," आई म्हणाली. तिला तो ताईच्या जन्मवेळेचा प्रश्न वाटला.

आणि हिरवी साडी सावरत ऋचाताई बाहेर आली.

अनंतराव भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होते. सगळ्यात आधी इनामदार काकू सावरल्या.

"अगं, आहेस होय तू," त्या म्हणाल्या. सुरात किंचित तक्रार होती.

"आहे अजून," ताई म्हणाली.

मग माझी उलटतपासणी झाली. पोतं, टक्कल, धोतर, मडकं, एकेक मुद्दा घेऊन. प्रत्येकाला माझ्याकडे शास्त्रीय कारण होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

काकूंच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं पातेलं होतं. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भाकरी नेतात, ते. ताई त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून ती माझ्या केकच्या आशेवर उपाशी होती.

"काकू, यात हिंग आहे का?" तिनं विचारलं. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तिचं बाहेरचं प्रत्येक जेवण या प्रश्नाशीच संपतं.

"सुतकाच्या घरी कोणी फोडणी देऊन नेतं का?" काकू म्हणाल्या. "डाळीचं पीठ, पाणी, मीठ. पीठ माझ्या घरघंटीतलं. यांच्या शुगरपायी तिच्यात गहू कधी घातलेलाच नाही. भाकरी ज्वारीची. पण बाई, हे तुझ्याच नावानं केलंय गं."

"मग तर मीच खायला हवं," ताई म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

ती जेवली. सगळ्यांच्या मधोमध, दुसऱ्याच्या हातचं, न घाबरता. दुसरी भाकरी तिनं मागून घेतली. वाढदिवस आहे हे कळल्यावर अनंतरावांनी शुभेच्छा दिल्या, पण आवाज शोकसभेचाच राहिला.

केक कोणी मागितला नाही. मी एक तुकडा कसाबसा फोडून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. एक कावळा आला. त्यानं तुकड्याभोवती चक्कर मारली, मान वाकडी करून बघितलं आणि न शिवता उडून गेला.

"इच्छा राहिलीय काहीतरी," सवयीनं काकू पुटपुटल्या.

"राहिलीय ना," ताई बोटं चाटत म्हणाली. "पाव."



पावाचे व्हिडिओ मी कालपासून बघतोय. केस अजून आलेले नाहीत, तेवढंच एक काम वाचेल.