सक्खरचे लछूशेट

डिचोलीच्या बाजारात लछूशेटकडे शर्टाचं कापड घ्यायला गेलात, तर आधी पणजोबाचं नाव सांगावं लागे.

"तुमचं नाव?"

"वामन."

"वडलांचं? आजोबांचं? त्यांच्या वडलांचं?"

तिथं गिऱ्हाईक अडखळलं की लछूशेट कात्री खाली ठेवून हळहळत. "मूळ पक्का नाही, तर माणूस पक्का कसा?" लाटंबार्श्याचा एक शेतकरी तर "म्हज्यार मुंडकाराची केस घातल्या काय?" म्हणत, म्हणजे घराच्या जागेवरून कूळ-मालकाचा खटलाच समजून, कापड न घेताच निसटला.

ते स्वतः मात्र आपल्या सात पिढ्या एका दमात म्हणत. फाळणीत वडलांचं बोट धरून सिंधमधल्या सक्खरहून निघाले, ते कराचीची बोट, मुंबई, कोल्हापूर असं करत गोवा मुक्त झाल्यावर डिचोलीत येऊन टेकले. टेकले म्हणायचं आपलं. गादीवर ते दोन मिनिटं सलग बसलेले मी शेजारी असून पाहिले नाहीत. बेळगावची बस आली की अर्धं कापलेलं कापड तसंच टाकून स्टँडवर धावत आणि उतरणाऱ्यांत कुणी सिंधी चेहरा दिसतो का बघत. कमलावहिनी आतून म्हणत, "अहो, ती बेळगावहून आली, सक्खरहून नाही!"

चेटीचंडला, सिंधी नववर्षाच्या दिवशी, झुलेलाल देवाचा बहराणा, म्हणजे पिठाचा दिवा आणि फळांनी सजवलेलं ताट, वाजतगाजत नदीवर न्यायचा. डिचोलीत सिंधी घर एकच. तेव्हा वाजतगाजत जायला आम्ही शेजारी. त्यांचा छेज नाच नाचताना आमचे पाय आपोआप भलतीकडे वळत, आणि लछूशेट माझ्यावर ओरडत, "मास्तर, हा शिगमो नाही!"

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी हा वाद पेटला. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. दोन्हीकडचे लोक लछूशेटकडे पाठिंबा मागायला येत. ते दोघांनाही चहा पाजत आणि म्हणत, "माझ्या भाषेला गावसुद्धा उरला नाही, बाबा. मी कुणाला काय देणार?"

त्याच दिवसांत कुणी तरी बातमी आणली, की पेडण्यात एक सिंधी म्हातारी आली आहे. मुलगा कुठल्याशा पुलाच्या कामावर इंजिनियर आहे. ऐन बाजाराच्या दिवशी लछूशेटनी दुकानाला फळ्या लावल्या.

"मास्तर, चला!"

"रस्ते बंद आसात, शेट."

"माझं वय बंद होईल त्याआधी चला!"

स्कूटरवर मागे बसून मी त्यांचे प्रश्न ऐकत होतो: सक्खरची असली तर कुठली गल्ली, कुणाची मुलगी, आजोळ कुठलं. कोलवाळच्या अलीकडे झाड आडवं टाकलेलं. आंदोलनातल्या पोरांनी घेरलं.

"शेट, कोंकणी काय मराठी?"

"तुझ्या आजोबाचं नाव काय?" लछूशेटनी उलट विचारलं.

पोरगा गांगरला. "पांडुरंग. सर्वणचो."

"पांडू सर्वणकर? अरे, त्याच्या पोराच्या लग्नाचं कापड माझ्याकडचं! त्याचा बाप विठू, त्याचा बाप..."

पोरांनी हसत फांदी उचलून वाट दिली.

पेडण्यातल्या त्या घरात सुनेनं दार उघडलं. "अम्मा कुणाशी बोलत नाहीत हो," ती हिंदीत म्हणाली. "वर्ष झालं. आम्हालाही ओळखत नाहीत."

खाटेवर म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. लछूशेट वाकले. "अमां, कीअं आहियो?" त्यांनी सिंधीत खुशाली विचारली.

ती वळली. बराच वेळ बघत राहिली. मग हात वर करून त्यांचा गाल चाचपू लागली.

"हासू? तूं आयें?"

सुनेच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं: हासू म्हणजे अम्मांचा धाकटा भाऊ. कराचीच्या धक्क्यावर गर्दीत हात सुटला, तो पुन्हा सापडला नाही.

आता लछूशेट चूक सुधारणार, सात पिढ्या ऐकवणार, म्हणून मी बघत होतो. दुसऱ्याच्या पणजोबाचं नावसुद्धा चुकलेलं त्यांना खपत नसे.



"हा, अदी," ते म्हणाले. अदी म्हणजे ताई. "मां आयुस." म्हणजे मी आलो.

मग ती बोलतच सुटली. मला शब्द कळत नव्हते, पण रागावणं कळत होतं. इतके दिवस कुठं होतास, असंच काही असावं. लछूशेट मान खाली घालून ऐकत होते, मध्येच कान धरत होते. सुनेनं कोकी, म्हणजे त्यांची जाड पोळी, भाजून आणली, तर म्हातारीनं तुकडे मोडून त्यांना भरवले.

परतताना काळोख पडला होता. मी विचारलं, "शेट, सक्खरचीच काय ती? कुठली गल्ली?"

"विचारलं नाही."



दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा स्कूटर पुसताना दिसले. हँडलला मिठाईची पिशवी. कमलावहिनी दारात आल्या. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि नवरा एकुलता एक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कुठं निघालात?"

"बहिणीकडे," लछूशेट म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.