हरिचंद्रकाकांचे चौकोन

लेकीच्या हळदीची पत्रिका आपणच डिझाइन करायची, असं भगवंतने ठरवलं तेव्हा मालिनी फक्त "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ त्याला अठ्ठावीस वर्षांत लागला नव्हता.

अंबरनाथ पूर्वेच्या त्याच्या घरी कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. (फुकट, शिवाय व्हायरस नाही, हे एमआयडीसीतल्या ऑफिसात सगळ्यांना पाठ झालेलं.) काळजी एकच, भावकीत सगळ्यांत मोठे असलेल्या हरिचंद्रकाकांची. भगवंतच्या पुतण्याच्या लग्नात काकांचं नाव बाकीच्यांच्याच मापात छापलं, तर ते मांडवातून न जेवता उठले होते. आता पुन्हा रुसले तर सगळी भावकी हळदीला पाठ फिरवणार. म्हणून त्यांचं नाव खास वळणदार फॉन्टमध्ये हवं होतं.

लिनक्सवर नवा फॉन्ट ठेवायला टिंबाने सुरू होणाऱ्या नावाचं फोल्डर बनवायचं होतं. भगवंतने बनवलं आणि ते दिसेनासं झालं. पुन्हा बनवायला गेला, तर कम्प्युटर म्हणाला, या नावाचं फोल्डर आधीच आहे.

"अरे, पण कुठंय?" भगवंत कम्प्युटरलाच विचारू लागला.

तो उठला, पाणी प्यायला, बसला, परत उठला. टिंबवालं फोल्डर लपूनच राहतं, हे कळेपर्यंत रविवार संपत आला. शेवटी काकांचं नाव पडद्यावर झळकलं. (मग खाली स्वतःचंही त्याच फॉन्टमध्ये टाकलं. मुलीच्या बापाला एवढा हक्क असतो.) पेनड्राइव्ह घेऊन तो धावतच उल्हासनगरला, कॅम्प नंबर एकमधल्या सिंधी प्रेसवाल्यांकडे पोचला.

"साईं, प्रूफ तो देख लो," प्रेसवाले म्हणाले.

"मीच बनवलंय. बिनधास्त छापा."

पाचशे पत्रिका आल्या. फॉन्ट घरच्या कम्प्युटरवरच राहिला होता, त्यामुळे दोन्ही नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. वाटप उद्यापासून. भगवंतला खरोखर रडू आलं.

मालिनीने पेन काढलं. काकांच्या एकेका चौकोनात एकेक अक्षर भरलं, त्याच ओळीत काना-मात्रांचे म्हणून उरलेल्या चौकोनांत फुलं काढली. पाचशेच्या पाचशे.

"आणि माझं नाव?" भगवंतने हळूच विचारलं.

"बोटं कामातून गेली माझी."

दुसऱ्या दिवशी हरिचंद्रकाकांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली.

"सगल्यांची नावा मशिनीवर, न माजा एकट्याचा हातानं लिवलाय," काका खुशीत म्हणाले. मग त्यांचं बोट खाली सरकलं. "न हे रिकामे चौकोन कोनाचे?"

"डिझाइन आहे, काका," मालिनी म्हणाली. "यांनीच केलंय."