नो सूनर मास्तर

तेव्हा मुलखावर अंमल इंग्रजांचा असेल. रिसोडातल्या इंग्रजीवर मात्र एकट्या गणपत मास्तरांचा होता. त्यांची शिंकसुद्धा आधी व्याकरण तपासून मग बाहेर पडे. त्यातही 'नो सूनर' हे त्यांचं आराध्यदैवत. एक गोष्ट होते न होते तोच दुसरी झाली, हे सांगायचं तर आधी 'नो सूनर' आणि मध्ये 'दॅन'. "नो सूनर डिड आय सिट दॅन द वरण वॉज कोल्ड!" असं ते गरजले की मास्तरीणबाई मुकाट्याने वरण चुलीवर चढवत. त्यांना इंग्रजी कळत नसे, आवाज कळे.

'दॅन'च्या जागी कुणी 'व्हेन' म्हटलं की मात्र संपलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या तोंडून एकदा 'व्हेन' निसटलं, तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं. साहेब पळत सुटला तो थेट वाशीमला थांबला. घोडा मागाहून पोचला.

आणि हेच 'व्हेन' त्यांचा लंगोटीयार कासिम पिंजारी रोज म्हणे. दिवसभर कापूस पिंजून, दाढीत अर्धी गादी घेऊन, कासिमचाचा संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर येत.

"मास्तर, नो सूनर चहा आला, व्हेन कासिम आला!"

"दॅन म्हण कासिम, दॅन!"

"दॅन काय न व्हेन काय! तुले समजलं ना? मंग कायले बोंबलून राह्यला?"

एकदा चार लोकांत चाचा बोलून गेले, "याचं दॅन तं मायी बकरी बी म्हनते!" मास्तर उठले, आत गेले, दार लावलं. अबोला असा जबर, की गल्लीतली कुत्रीही इकडेतिकडे पाहून मगच भुंकत. ओट्यावर चहाचे कप मात्र दोनच येत. मास्तर रागारागाने दोन्ही पीत; 'एकच आणा' असं काही म्हणत नसत.

मग कळलं, चाचा कायमचे मुलाकडे अकोल्याला निघाले. छकड्यावर गाद्या, गाद्यांवर चाचा, चाचांच्या मांडीवर बकरी. मास्तर रस्त्याकडे पाठ करून बसलेले. छकडा ओट्याशी थांबला.

"मास्तर, आता तरी बोल न गा! हे घे, नो सूनर कासिम गेला..."

मास्तर वळले. चष्मा पुसला. कोरडा होता, तरी पुन्हा पुसला. आणि दोघं एकदमच बोलले. चाचा म्हणाले, "दॅन." मास्तर म्हणाले, "व्हेन."

तेवढ्यात बकरी ओरडली. ती काय म्हणाली यावर गल्लीत अजून दोन तट आहेत.

छकडा वळणाआड गेला. मास्तरीणबाईंनी चहा आणून ठेवला. कप दोनच होते. त्या दिवशी मास्तरांनी दुसऱ्याला हात लावला नाही.