गेणबाचा गोल

दौंड जंक्शनात फुटबॉल कळणारं माणूस एकच आणि ते म्हणजे आपण, याबद्दल रोशनबीच्या मनात तीळभर शंका नव्हती. भीमा स्पोर्टिंग क्लबाचे सेक्रेटरी आनंदराव यांना खेळापेक्षा गळ्यातली शिट्टी प्यारी. नवरा चांदभाई लोको शेडमध्ये फिटर. त्याला इंजिनाच्या पोटातलं सगळं कळे, पण मैदानावरचं शून्य. रोशनबी मात्र रेल्वे क्वार्टरच्या मागच्या भिंतीशी दोन घमेली पालथी घालून, त्यांवर चढून, दहा महिन्यांच्या मुन्नीला कडेवर घेऊन क्लबाची एकूण एक मॅच बघत आली होती. भिंतीपलीकडे मैदान, मैदानापलीकडे भीमा. पंचानं शिट्टी तोंडात घालायच्या आधी ती "ऑफसाइड" म्हणून मोकळी व्हायची, आणि आत चुलीवर भाकरीचा कोळसा व्हायचा.

"यंदाच्या स्पर्धेची ढाल आपलीच," तिनं शेजारच्या साखरबाईंना दसऱ्यालाच सांगून टाकलं होतं. "लिहून घ्या मावशी."

साखरबाई वडगाव रासाईच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते वाक्य हवेतच राहिलं.

ढालीचं एवढं वेड लागायला कारण होतं. क्लबाचा सेंटर फॉरवर्ड सुभान हा तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही अकरा. रडायचा थांबेना म्हणून तिनं आईच्या जुन्या ओढणीचा चेंडू वळून दिला होता. तेव्हापासून त्याचं रडणं जे पायात उतरलं ते तिथंच राहिलं. आता तो शेडमध्ये बदली खलाशी होता. कुणी आजारी पडलं तर काम, नाहीतर घरी. आनंदराव शेडमध्ये हेडक्लार्क. त्यांनी शब्द दिला होता की क्लब फायनलला पोचला तर सुभानचा कायमचा कागद साहेबासमोर आपण स्वतः ठेवू.

पहिल्या पाच मॅची क्लबानं अशा मारल्या, की हलवायानं उधारीवर पेढे दिले. आणि दिवाळी सरली तशी गाडी रुळावरून घसरली.

घसरली म्हणजे नुसती हरली असती तर रोशनबीनं समजून घेतलं असतं. सीझन म्हटला की चढउतार आलाच. पण हे हरणं निराळं होतं. नदीच्या अंगाला जो गोल होता, त्यात आपल्या पोरांचा चेंडू जाईना. सुभान मारायचा सरळ, चेंडू गोलकीपरला चकवून पुढं जायचा, आणि रेषेवर आला की कुणीतरी आडवा पाय घातल्यासारखा वळायचा. वारा नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं. कुर्डुवाडीशी बरोबरी झाली, नगरशी हार झाली, मनमाडशी पुन्हा हार. तिन्ही वेळा तोच गोल आणि चेंडूला तेच वळण.

त्या गोलाचे खांब जुन्या रुळांचे होते. यार्डात मालगाडी हलली की ते बारीक गुणगुणत, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका दुपारी, बाराचा भोंगा होऊन गेल्यावर, रोशनबी भिंतीवर मुन्नीची लंगोटी वाळत घालत होती. मैदान रिकामं. यार्डात एक चाक हलत नव्हतं. तारेवरचे कावळेसुद्धा चोची मिटून बसलेले. तेवढ्यात नदीकडून आवाज आला. टण. टण. टण. तीनदा, सावकाश, लोखंडावर हातोडी ठोकावी तसा.

कडेवरची मुन्नी रिकाम्या गोलाकडे बघून हसली. मग तिनं टाळ्या वाजवल्या. मग, ओळखीचं माणूस वाकून घ्यायला आलं की पोरं करतात तसे, दोन्ही हात पुढं केले.

रोशनबी घमेल्यांवरून कशी उतरली ते तिचं तिलाही कळलं नाही. एक घमेलं गडगडत मोरीपर्यंत गेलं.

साखरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "गेणबा हाय त्यो."

गेणबा म्हणजे भीमेच्या पुलावरचा चावीवाला. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या रोज चालत जाऊन हातोडीनं ठोकून बघायच्या, हे त्याचं काम. तपासल्याशिवाय गेणबानं जन्मात काही पुढं जाऊ दिलं नाही. एका चावीसाठी त्यानं एकदा मेल थांबवली होती. सहा वर्षांमागं भर बारा वाजता पुलाच्या तोंडाशी उन्हानं कोसळला आणि तिथंच गेला. पुढं तिथले रूळ बदलले, जुने क्लबानं या दिवाळीला गोलासाठी उचलून आणले. त्याच्या जागेवर नवा माणूस काही टिकेना; रुळांची डागडुजी करणारे गँगवाले पाळीपाळीनं जायचे, ते पण पळत जाऊन पळत यायचे.

"रूळ हिकडं आलं, तवा त्यो बी आला," साखरबाई म्हणाल्या. "आता गोलात हुबा ऱ्हातो आन् तपासतो."

भीती एकीकडे, पण रोशनबी पक्की फुटबॉलवाली. तिनं विचारलं, की अर्ध्या मॅचला बाजू बदलतात, तेव्हा समोरच्यांचा चेंडू त्याच गोलात कसा जातो? त्यांना बरं अडवत नाही तो.

साखरबाईंनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अगं, त्ये पाव्हणं आपापला चेंडू घिऊन येत्यात, आन् दुसऱ्या डावाला त्योच खेळत्यात. आपला चेंडू रेल्वेच्या स्टोरातला. गेणबा रेल्वेचा मानूस. रेल्वेचा माल तपासंल, दुसऱ्याच्या मालाशी त्याला काय करायचंय?"



उपाय साखरबाईंनीच सांगितला. दहीभात, उकडलेलं अंडं, लिंबू, विडी आणि काडेपेटी. आपल्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं फाडून त्यांनीच दिलं. सुभानच्या बुटांवरून सात वेळा उतरायचं, भर बारा वाजता तिवाटेवर ठेवायचं, मागं न बघता यायचं. आणि एकदा ठेवलेला उतारा कुणी ओलांडायचा नाही, कुणी उचलायचा नाही. जो उचलील त्याच्यामागं गेणबा चालत येईल.

शिरूरशी मॅच शनिवारी साडेतीनला होती. हरलो तर ढालही गेली आणि कागदही. सुभानला दोन दिवस बदलीवर नगरला धाडलं होतं. तो अडीचच्या पॅसेंजरनं परतणार होता. बूट घरीच होते. सगळं जुळून आलं होतं, अडली ती फक्त तिवाट.

रेल्वेची वसाहत साहेबानं पट्टी लावून आखलेली. जिथं बघावं तिथं चौक. रोशनबी मुन्नीला झोळीत टाकून अर्धा तास हिंडली, पण तीन रस्ते काही भेटेनात. मग तिला एकदम आठवलं. पुलाच्या तोंडाशी मनमाडची लाईन उतरते आणि फुटते, एक फाटा स्टेशनाकडे, एक यार्डात. तीन वाटा झाल्या की! शिवाय गेणबा पडला तीच जागा.

बाराच्या उन्हात रूळ पांढरे दिसत होते. नदीचं पाणी हलल्यासारखं वाटत नव्हतं. तिनं लाल फडक्यातला उतारा दोन रुळांच्या बरोबर मधे ठेवला. गाडी वरून जाईल, त्याला धक्का लागणार नाही, एवढा विचार तिनं केला होता. उठताना हात रुळाला लागला. रूळ तापलेला असायला हवा होता. तो गार होता, माठासारखा.

मागून कुणीतरी खडीवर चालत आल्याचा आवाज आला. तिनं मागं पाहिलं नाही. झोळीतल्या मुन्नीनं पाहिलं, आणि ती हसली.

अडीच वाजता पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली. ती थांबेचना.

रोशनबी घमेल्यांवर चढली. पॅसेंजर पुलावर उभी होती. इंजिनाचं नाक पुलाच्या बाहेर, बाकी सगळी गाडी नदीच्या वर, आणि इंजिन बोंबलतंय.  एक गोष्ट ती साफ विसरली होती. त्या पॅसेंजरचे ड्रायव्हर होते मच्छिंद्रमामा, म्हणजे साखरबाईंचे मालक. आणि वाटेतला उतारा ओलांडायचा नाही हे साखरबाईंनी त्यांना बावीस वर्षं रोज डबा देताना बजावलं होतं.

साडेतीन झाले. शिरूरची पोरं ट्रकमधून उतरून तासभर झाला होता. सुभानचा पत्ता नाही म्हणून आनंदरावांनी स्टोअरच्या पोपटरावांना सेंटर फॉरवर्डला उभं केलं. पोपटराव धावू लागले की त्यांचं पोट आधी धावायचं आणि ते स्वतः मागून पोचायचे. दहाव्या मिनिटाला शिरूरनं गोल केला. लांब पुलावर एका डब्याच्या दारात सुभान लोंबकळत होता आणि अंगातला सदरा काढून हलवत होता. डब्याला खेटून पुलाचे लोखंडी आडवेतिडवे खांब, खाली भीमा. उतरणार कुठून?

रोशनबीनं मुन्नीला उचललं आणि ती निघाली.

पुलाशी जत्रा जमली होती. उताऱ्यापासून दहा हात लांब गोल करून सगळे उभे, स्टेशन मास्तर, फायरमन, चार गँगवाले. फायरमन म्हणत होता की कोळशाच्या फावड्यानं सारतो. मच्छिंद्रमामा म्हणत होते, की फावडं मग बॉयलरच्या तोंडाशीच येणार, आन् त्यो बी फावड्यासंगं आत येणार. मास्तरांनी नियमाचं पुस्तक चाळलं. त्यात बैल होते, दरड होती, पूर होता, दहीभात नव्हता.

साखरबाई धापा टाकत पोचल्या त्या बोलतच. कुठल्या सटवीनं रुळात ठिवलं, तिचं हात... आणि मधेच थांबल्या. लाल फडक्याचा काठ त्यांनी ओळखला. मग त्यांनी रोशनबीकडे पाहिलं.

"तिवाट सांगितली हुती ना मी तुला."

"तीन वाटा हायेत की मावशी," रोशनबी बारीक आवाजात म्हणाली. "मोजा."

साखरबाईंनी मोजल्या. तीनच होत्या.

पुलावरून सुभानची हाक आली, "आपाऽ!" लहानपणी काळोखात उठला की अशीच हाक मारायचा. रोशनबीनं मुन्नीला साखरबाईंच्या हातात दिलं, तिच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि पदर खोचून पुढं गेली. गँगवाल्यांनी तोंडं फिरवली. तिनं उतारा उचलला.

विडी अर्धी जळालेली होती.

ती बघतच राहिली. काडेपेटीला तर तिनं हातही लावला नव्हता. तेवढ्यात एक गँगवाला, उतारा हलला म्हणून धीर करून पुढं आलेला, रुळावर वाकला. वाकला तो वर उठेना.

"मामा," तो म्हणाला, "हिथल्या चाव्या न्हाईत. लागोपाठ चार न्हाईत."

 मच्छिंद्रमामांनी डोक्यावरची टोपी काढली. पुलावर भरलेली गाडी उभी होती, आणि रूळ आतल्या आत गुणगुणत होता.

आता एवढं झाल्यावर उतारा उचलूनही उपयोग नव्हता. चाव्या आणायला यार्डात माणूस गेला, ठोकायला तास गेला. सुभान मैदानात पोचला तेव्हा शिरूरची पोरं ट्रकमध्ये बसून गाणी म्हणत होती आणि पोपटराव आडवे पडून पाणी पीत होते. एक-शून्य. सगळं जंक्शन, आज गाडी नदीत गेली असती, म्हणून हात जोडत होतं. रोशनबी एकटी मॅचसाठी रडली. लाल पुडकं अजून तिच्या हातात होतं. ते कुठं ठेवावं हे कुणी सांगेना. शेवटी तिनं ते गोलाच्या खांबाशी ठेवून दिलं. ज्याचं त्याला.

चौकशी झाली. मच्छिंद्रमामांनी लिहून दिलं, की रुळात लाल फडकं दिसल्यानं गाडी उभी केली. दहीभाताचा उल्लेख केला नाही. साहेबानं पाठ थोपटली आणि हुकूम सोडला की पुलाच्या चावीवाल्याची जागा ताबडतोब, कायमची भरा. सगळ्या गँगनं पाय मागं घेतले. तेव्हा आनंदरावांनी वर लिहून पाठवलं, की सुभान या तरुणास नेमावे, त्याच्या घरचे उताऱ्यास भीत नाहीत.

अशा रीतीनं, क्लब ढालीतून बाहेर पडल्याच्या आठव्या दिवशी सुभान कायम झाला. खाकी कपडे, हातोडी, लाल झेंडी. चांदभाई पोरीला खांद्यावर घेऊन नाचला. ड्यूटी तेवढी रोज दुपारची, शनिवारसुद्धा. म्हणजे फुटबॉल बंद. क्लबानं उरलेला सीझन पोपटरावांवर काढला, आणि तो कसा निघाला हे न सांगितलेलंच बरं.

पुढं एका शुक्रवारी, बाराचा भोंगा होऊन गेल्यावर, नदीकडून टण, टण, टण ऐकू आलं. रोशनबीला आता भीती वाटली नाही. तिनं मुन्नीला घमेल्यांवर उभं करून पुलाकडे हात करायला शिकवलं, बघ, मामू हातोडी ठोकतोय. मुन्नी मात्र गोलाकडेच बघून हसत होती.

"कोणाला सांगतीयेस आपा?" मागून सुभान म्हणाला. तो खाटेवर बसून चहा पीत होता. "आज माझी सुट्टी हाय."

 पोरीला पदराखाली घेऊन रोशनबी आत गेली, आणि संध्याकाळी चांदभाईच्या हाती तिनं आनंदरावांना निरोप धाडला. पुढच्या सीझनला रेल्वेच्या स्टोअरातून चेंडू मागवू नका. शिरूरहून मागवा. आणि तो ट्रकनंच आणा.