इशारा म्हणजे निकाल नव्हे

ग्रेसीआंटींनी मला सावरलं, हे आधी सांगते. त्या विचित्र आहेत, ते मागाहून.

भोईवाड्यातल्या चाळीत मी त्यांच्याकडे राहते, शिलाईकामाला चिंचपोकळीला जाते. गाव नांदेडकडं, शाळा सातवीतच सुटली. आंटी फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात चार्जिंगचा बल्ब दिला. "बाय, गॅलरीच्या टोकाला जा. अजून लांब! अजून!"

शेजारचे परबकाका ओरडले, "काय गो ग्रेसी, ह्या चेडवाक पार भोईवाडा कोर्टापर्यंत धाडतंस काय?"

"बल्ब तोच. मंद दिसला म्हणजे लांब गेला," आंटी मला म्हणाल्या. "काही तारे फुटताना किती उजळतात ते ठाऊक असतं. मंद दिसले की अंतर कळतं, नि त्यांचा उजेड किती लालसर झालाय ते जोडलं की विश्व केव्हा किती जोरात पसरत होतं तेही. त्याला ढकलणारी डार्क एनर्जी कायम तेवढीच, की काळाबरोबर बदलते? सध्या शास्त्रज्ञ तेच मोजतायत."

"मग? बदलते?"

"जोर कमी होत असावा, असा इशारा आहे. इशारा म्हणजे निकाल नव्हे. पुन्हा मोजायचं."

हे त्या दूधवाल्यालाही ऐकवतात. दूध पातळ लागलं तर आठवडाभर चव घेतात, मगच भांडतात.

अशात माझ्या मानेला गाठ आली. सुईनं नमुना घेऊन डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरची शंका आहे, पुन्हा नमुना घेऊ." मी येऊन बॅगच भरायला घेतली. मरायचं तर आईजवळ. आंटींनी एकेक कपडा काढून परत दांडीवर टाकला. "इशारा, बाय! नुसता इशारा!"

दुसऱ्या खेपेला त्या बरोबर आल्या. बाकावर बसून ताऱ्यांचं बोलत राहिल्या, माझा हात दुखेपर्यंत धरून.

गाठ साधी निघाली. मी रडायला लागले, आणि आंटी डॉक्टरांना विचारत होत्या, "नमुना हिचाच होता ना? पक्कं?"

घरी चहा घेताना मी म्हटलं, "आंटी, तुम्हाला काय वाटतं? जोर कमी होतोय?"

त्या भिंतीवरच्या रॉनीच्या फोटोकडे बघत राहिल्या. रॉनी त्यांचा मुलगा, कॅनडात असतो. फोन पूर्वी दर रविवारी यायचा, आता नाताळला येतो.

"मोजणाऱ्यानं आधीच हवं-नको धरू नये," त्या हळूच म्हणाल्या. "पण कमी झालेला मला आवडेल. सगळंच लांब चाललंय गं."

मला विज्ञान येत नाही. पण त्यांचे उपकार मी फेडणार. उद्या गावी गेले, सासरी गेले, कुठंही गेले, तरी दर रविवारी आंटींचा फोन वाजेल. हा इशारा नाही. त्यांनी खुशाल मोजत राहावं.