लेस्टरच्या हातकड्या

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून लेस्टर टली बंदरावरच्या जुन्या तुरुंगात पर्यटकांना कोठड्या दाखवायचा. कैद्याला कसं आणत, हे करून दाखवायला नकली हातकड्या होत्या. त्या शनिवारी त्या मोडल्या, म्हणून त्याने कपाटातल्या खऱ्या काढून स्वतःच्या मनगटांवर चढवल्या. लोकांनी हौसेने फोटो काढले. पण नंतर किल्ली काही केल्या फिरेना.

नेमके त्याच दुपारी केरीचे, म्हणजे त्याच्या मुलीचे, होणारे सासू-सासरे पर्थहून पहिल्यांदाच जेवायला येणार होते. बायको नोरीन त्याला गाडीत घालून घरी घेऊन निघाली. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई नोरीनकडे कणवेने बघत राहिली.

"हातावर तेल उडालं म्हणून सांगू," नोरीन म्हणाली. "तू फक्त बोलू नकोस."

तिने त्याच्या दोन्ही हातांवर फडकं गुंडाळलं. व्याही क्लाइव्ह यांनी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. भाजलेलं मटण घरच्या यजमानाने कापायची रीत, पण लेस्टर पाहुण्यासारखा बसून राहिला आणि नोरीनने त्याचे विटांएवढे तुकडे केले. केरीचा चेहरा पडला. विहीणबाई विनिफ्रेड तीस वर्षं नर्स होत्या. त्यांचं जेवणात लक्षच नव्हतं.

"भाजल्यावर असं फडकं बांधतात होय? बघू."

लेस्टर नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फडकं ओढलं. आतून हातकड्या निघाल्या. लेस्टरने मान खाली घालून सगळं खरं सांगून टाकलं. आता लग्न मोडतंय, एवढंच त्याच्या मनात होतं.

विनिफ्रेडबाईंनी किल्ली मागितली, आत घालून जरा दाबली आणि उलटी फिरवली. दोन्ही कड्या खळकन उघडल्या.

"विनी," क्लाइव्ह हळूच म्हणाले, "आज हा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं आपलं."

"मी कुठे काढला? त्यांनीच हातात घालून आणला." मग त्या लेस्टरकडे वळल्या. "माझे वडील चार वर्षं तुमच्या तुरुंगात होते. सुटताना अशीच एक जोडी घेऊन आले. आम्ही बहिणी लहानपणी तिच्याशीच खेळायचो."

लेस्टरने मनगटं चोळत सुरी हातात घेतली आणि मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा विहीणबाईंच्या ताटात वाढला. ती जोडी तुरुंगाच्या संग्रहाला द्याल का, असं त्याने जरा भीतभीतच विचारलं.

"देईन. पण चोरीचा माल अशी पाटी लावायची नाही."

"मग काय लिहू?"

विनिफ्रेडबाईंनी घास संपवला.

"लिहा, वापरायला नेली होती."